घरी कोण बघणार?

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. सव्वीस वर्षं झाली. इंजेक्शन कसं द्यायचं, पेशंटला न उठवता चादर कशी बदलायची, नाडी मोजताना डोळे घड्याळाकडे ठेवून तोंडाने चार शब्द कसे बोलत राहायचे, हे मी हजारेक मुलींना शिकवलं असेल. यातलं शेवटचं शिकवून शिकवून आता मी थकले आहे. इंजेक्शन त्यांना येतं, चादरही येते. बोलणं येत नाही.

पूर्वी मुली फार बोलतात म्हणून ओरडावं लागायचं. जिन्यात खिदळणं, वॉर्डात कुजबुज, आणि होस्टेलच्या जेवणघरात तर कान किटायचे. आता त्याच जेवणघरात तीस मुली बसलेल्या असतात आणि फक्त चमच्यांचा आवाज येतो. भांडणंसुद्धा मुक्यानेच होतात. एकीने स्टेटसला टोमणा ठेवायचा, दुसरीने तो आपल्यालाच आहे असं धरून उलटा टोमणा ठेवायचा, आणि दोघींच्या खाटा एकाच खोलीत, मधे हातभर अंतर. मी एकदा म्हटलं, अगं समोरासमोर भांडा की, दोन शब्द वाईट बोला आणि मोकळ्या व्हा. तर एक जण म्हणाली की समोर फार ऑकवर्ड होतं, मॅडम.

गेल्या वर्षी एका मुलीचे वडील गेले. गाडी यायला अजून तास होता म्हणून ती सामान बांधून खोलीत बसली होती. मी गेले तेव्हा तिच्या तीन मैत्रिणी आपापल्या खाटांवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होत्या. माझं डोकंच फिरलं. नंतर कळलं, तिघी तिलाच लिहीत होत्या. धीर धर, आम्ही आहोत, वगैरे. आम्ही आहोत म्हणे, चार पावलांवर. तिच्या मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्या तिघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी काहीतरी अवघड ऑपरेशन करते आहे. दगडाच्या काळजाच्या नव्हत्या त्या. तिघींचे डोळे रडून लाल झाले होते. उठून ती चार पावलं जायचं कसं आणि जाऊन करायचं काय, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

मी काही आभाळातून पडलेली नाही. माझा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, रोज "जेवलीस का" असं लिहितो, मी अंगठा पाठवते, आणि आमचं मायलेकरांचं बोलणं संपतं. तेव्हा मी दुसऱ्यांना नावं ठेवते आहे असं कुणी समजू नये. मला फक्त एका पानाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या पानावर माझी सही आहे.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलीला एक पेशंट देतात. आठ दिवस तिने त्या एकाच माणसाजवळ राहायचं आणि सहा पानांची केस बुक भरायची. आजार, औषधं, झोप, जेवण हे पाच पानांत येतं. सहाव्या पानावर एकच प्रश्न असतो: घरी कोण बघणार? याचं उत्तर स्टुलावर बसून, पेशंटला विचारून, त्याच्याच शब्दांत लिहायचं, असा आमच्याकडे जुना नियम आहे. नियमाला कारणही आहे. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली चाळीस खाटा. प्रत्येकाच्या घरची चौकशी करत बसायला त्यांना वेळ कुठला? मुलीने विचारून लिहायचं, मी वाचून सही करायची, आणि त्या सहीवर विसंबून त्यांनी माणसाला घरी पाठवायची तयारी करायची. इतकी वर्षं हे असंच चाललं आहे. केस बुक नापास झाली तर मुलगी सहा महिने मागे पडते.

त्या वर्षीच्या मुलींत एक होती जिला वॉर्डातल्या सिस्टर रीलवाली म्हणायच्या. अर्थात पाठीमागे. ही पोरगी बँडेज कसं गुंडाळावं, ताप कसा मोजावा, याचे छोटे छोटे व्हिडिओ करायची आणि चाळीस हजार माणसं ते बघायची. मीही बघितले. चांगले होते हो. काय तो गोड आवाज, काय ते हसणं, काय ते "घाबरू नका, मी आहे ना." मला वाटलं, चला, एक तरी मिळाली बोलणारी.

मग तिला खऱ्या पेशंटपुढे उभं केलं. पहिलं वाक्य व्हिडिओतल्यासारखंच आलं, हसूही तेच. मग पेशंटने भलतंच काहीतरी विचारलं, माझी बायको कुठे गेली वगैरे, आणि ही गप्प. हात बाजूला, नजर सलाइनच्या बाटलीवर. हात मात्र असा हलका की शिरेत सुई गेलेली पेशंटला कळायची नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, बाई गं, चाळीस हजार माणसांशी बोलतेस, एका माणसाशी काय होतं तुला? तिने खरं तेच सांगितलं. म्हणाली, "व्हिडिओत चुकलं तर परत घेता येतं, मॅडम."

तिच्या वाट्याला आला एक शिंपी. वय शहात्तर, घरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. माणूस अबोल. पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसली, चार प्रश्न विचारले, चार उत्तरं मिळाली: हो, नाही, हं, बघू. मग बराच वेळ तिच्याकडे निरखून बघून ते म्हणाले की युनिफॉर्मची उजवी बाही अर्धा इंच लांब आहे. झालं. हिचा चेहरा पडला, ही उठून गेली. मला चादरींच्या खोलीत सापडली. तिला वाटलं, त्यांनी तिचा अपमान केला. मी समजावलं, अगं, शिंप्याने तुझ्याशी गप्पा सुरू केल्या आणि तू पळून आलीस. उद्या जा आणि विचार, बाही कशी कापतात. तिने मान हलवली. या मुली मान फार छान हलवतात.

दुसऱ्या दिवशी ती गेली, पण बाहीचं विचारलं नाही. एकदम सहाव्या पानावर उडी. आजोबा, घरी कोण कोण आहे? इथेच तर घोडं पेंड खात होतं. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं आणि "आहेत" एवढंच म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती रोज वेळेवर येते, बीपी घेते, ड्रेसिंग झकास करते. बाकी एकोणतीस मुली आणि एकोणतीस पेशंट होतेच माझ्या मागे.

पाचव्या दिवशी तिची केस बुक माझ्या टेबलावर आली. अक्षर मोत्यासारखं. सहाव्या पानावर लिहिलं होतं: "मुलगी. विवाहित. वडिलांशी अतिशय जवळचं नातं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वडिलांना घरी नेणार." त्या दिवसाची ती तेविसावी वही होती. माझे पाय सुजले होते, चष्म्याची काडी कानाला टोचत होती. मी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली आणि सही केली. "अतिशय जवळचं नातं" हे शब्द त्या शिंप्याच्या तोंडून येणं शक्य नव्हतं, हे कळायला काही सव्वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. मधली ओळ नीट वाचली असती तरी कळलं असतं.

शुक्रवारी मला तळमजल्यावर परीक्षेचं काम होतं. दुपारी दोन वाजता वर आले तर मोठ्या सिस्टर लिफ्टपाशीच उभ्या. आम्ही दोघी एकाच बॅचच्या, त्यामुळे त्या माझा मुलाहिजा ठेवत नाहीत. त्यांनी मला फैलावरच घेतलं. तुझ्या पोरीने लिहिलं, तू सही केलीस, मी दहा वाजता खाट रिकामी करून दुसरा पेशंट घेतला, आता ती मुलगी आहे कुठे? आणि त्यांनी हनुवटीने कॉरिडॉरच्या टोकाकडे दाखवलं.

लिफ्टसमोरच्या बाकावर शिंपीकाका बसले होते. सकाळी त्यांनी वॉर्डबॉय मामांना सांगून दाढी करून घेतली होती. अंगात पांढरा शर्ट, शिवण अशी की नजर हटू नये, सगळी बटणं लावलेली. पुढ्यात वॉकर, शेजारी कपड्यांचं बोचकं. लिफ्टचं दार उघडलं की ते मान वर करायचे, बंद झालं की खाली. चार तास हे चाललं होतं. कुणी दिलेला चहा बाकावर तसाच गार झाला होता.

मी जाऊन विचारलं, काका, खोलीत पडता का थोडं? तर म्हणाले, नको, ती येईल आणि मी दिसलो नाही तर परत जाईल. वाटेत गर्दी असेल. दोन वर्षांनी येतेय, तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर काय मोठंसं.

दोन वर्षं म्हणजे? मी विचारलं, ती येणार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुमच्या त्या लहान सिस्टरने," ते म्हणाले. "काल येऊन म्हणाली, उद्या अकराला तुमची मुलगी न्यायला येईल. मला आधी खरं वाटेना. पण मग म्हटलं, हिला मुलीकडूनच निरोप आला असणार. नाहीतर मला मुलगी आहे हे हिला कळेल कसं? मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं."

मी "बघते" म्हटलं आणि तिथून निघाले. सव्वीस वर्षांत पेशंटसमोरून मी अशी पळाले नव्हते.

रीलवाली प्रॅक्टिकलच्या खोलीत होती, प्लास्टिकच्या हातावर सुई टोचण्याचा सराव करत. मी वही तिच्यासमोर आपटली आणि विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? आधी ती म्हणाली, पेशंटने. मी नुसती बघत राहिले. मग तिने फोन काढला. म्हाताऱ्याचं आडनाव जरा वेगळं होतं. तिने ते शोधलं, आणि एका बाईचं पान सापडलं. त्यावर शिंपीकाकांचा फोटो. पांढरा शर्ट घातलेले काका खुर्चीवर, मागे उभी मुलगी, तिचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. खाली लिहिलं होतं, माझे बाबा, माझं सगळं जग. दोनशे बारा जणांना ते आवडलं होतं. रीलवालीला वाटलं, उत्तर मिळालं. इतकं प्रेम असल्यावर आणखी काय विचारायचं?

तरी एक गोष्ट तिने केली. त्या बाईला मेसेज पाठवला, की तुमचे वडील आमच्याकडे आहेत, शुक्रवारी अकरा वाजता डिस्चार्ज आहे, तुम्हीच न्याल ना. त्या मेसेजवर बाईने एक लाल बदाम उमटवला होता. बास. एक शब्द नाही. आणि या बयेने तो होकार धरला.

मी खूप बोलले. उंटावरून शेळ्या हाकल्यास म्हटलं. तुझ्या स्टुलापासून दीड हात अंतरावर जिवंत माणूस होता, आणि तू त्याची माहिती जगभर हुडकत बसलीस. एका बदामावर तू म्हाताऱ्याला चार तास बाकावर बसवून ठेवलंस. ती रडायला लागली. मग मी तिला सांगितलं, की त्या माणसाला वाटतंय, मुलीने दोन वर्षांनी आपल्याला निरोप धाडला. हे ऐकल्यावर मात्र तिचं रडणं एकदम थांबलं. आतापर्यंत ती सहा महिन्यांसाठी रडत होती, माझ्या बोलण्याने रडत होती. आता तिला दुसरंच काहीतरी दिसलं असावं.

मग तिने विचारलं, "मॅडम, मी त्यांना सॉरी अशी चिठ्ठी लिहून दिली तर चालेल?"

हसावं की रडावं कळेना. खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे, मीच जाऊन सांगते. मला दोन मिनिटं लागली असती. काका, आमची चूक झाली, मुलगी येणार नाही, माफ करा. अशी वाईट बातमी मी शेकड्याने सांगितली आहे. थकलेल्या माणसाचं हे असंच असतं. शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करून टाकणं सोपं वाटतं, आणि दर वेळी आपण ते स्वतः करून टाकतो, म्हणून पुढच्याला ते कधीच येत नाही. पण त्या दिवशी माझ्यात तेवढंही करून टाकायचं त्राण नव्हतं, आणि बहुधा तेच बरं झालं.

मी म्हटलं, "सही माझी आहे. न वाचता केली. तेव्हा मी बरोबर येते. पण बोलणार तू."

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. मी त्याच संध्याकाळी प्रिन्सिपल मॅडमना सगळं सांगितलं. केस बुक रद्द झाली, मुलगी सहा महिने मागे गेली. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. मोठ्या सिस्टरांनी माझ्यावर तोंडसुख घेत घेत बाजूच्या खोलीत एक जादा खाट लावून दिली, आणि काका तिथे आणखी पाच दिवस राहिले. हे सगळं ठीक झालं. जे झालं ते बाकावर झालं.

कॉरिडॉर काही फार मोठा नाही, पण ती पोरगी तो पार करायला किती वेळ घेत होती. काकांनी आम्हाला येताना बघितलं आणि मान वर केली, लिफ्टचं दार उघडल्यावर करत होते तशी. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. हसू आलं ओठांवर, तेच व्हिडिओतलं, आणि तिने ते पुसून टाकलं. उभ्यानेच सांगणार होती. काकांनीच बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि जागा करून दिली. ती बसली. मी पलीकडच्या खिडकीपाशी उभी राहिले, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"आजोबा, त्या येणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांचा निरोप आला नव्हता. मी खोटं लिहिलं."

ती थांबली. मला वाटलं, आता उठून पळणार. पण बसून राहिली आणि एकेक करून सगळं सांगितलं. अडखळत, मधे मधे वाक्य सोडून देत, एकच गोष्ट दोनदा सांगत. आडनाव शोधलं, फोटो सापडला, मेसेज पाठवला, बदाम आला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत की मला पुन्हा विचारायची भीती वाटायची, हेसुद्धा सांगितलं.

काकांनी फोटो मागितला. तिने दाखवला. फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि खाली काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तिने वाचलं. माझे बाबा, माझं सगळं जग.

"हे तिने लिहिलंय? कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी. तुमचा वाढदिवस होता तेव्हा."

"दोन महिन्यांपूर्वी मी घरीच होतो," काका म्हणाले. "दिवसभर."

एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. रीलवालीने फोन बंद करून पालथा ठेवला. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो पाच दिवसांपूर्वी विचारायचा होता. पण वहीतल्यासारखा नाही.

"तुमचं काय बिनसलं, आजोबा?"

त्यांनी सांगितलं. पाच दिवस हं-नाहीवर भागवणारा माणूस अर्धा तास बोलला. बायको आजारी होती, मुलगी दवाखान्यात तिच्याजवळ बसायची, आणि हे दुकानात. एका गिऱ्हाइकाचे कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. मुलीने फोन केला. मशीन चालू होतं, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही उचलला. म्हटलं, शिवण पुरी करून बोलू. तिसरा फोन आलाच नाही. बायको गेली तेव्हा मुलगी एकटी होती. त्यानंतर यांनी किती फोन केले, ती उचलत नाही. आपण दोनदा उचलला नाही, ती दोन वर्षं उचलत नाही, हिशेब तिच्या बाजूने बरोबर आहे, असं ते म्हणाले. शिंप्याच्या तोंडचे शब्द हे असे असतात.

मग तिने विचारलं, पडल्यावर तुम्हाला इथे कुणी आणलं. तर खालच्या मजल्यावर एक चपला शिवणारा आणि त्याची बायको राहतात, त्यांनी पाठीवर घेऊन जिना उतरवला होता. रोज संध्याकाळी दोघांपैकी एक जण येऊन बाहेर उभं राहायचं, वॉर्डात फक्त नातेवाइकांना सोडतात म्हणून. हे आमच्या कुणाच्याच वहीत नव्हतं. काका म्हणाले, पाय टेकायला लागला की ते नेतील, त्यांनी कधीच सांगून ठेवलंय. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मला वाटलं, झालं. निघावं आता. पण काका एकदम म्हणाले, "तिला फोन लाव."

रीलवालीचा चेहरा पांढरा पडला. या मुली फोन करत नाहीत. घंटी वाजली तरी बघत राहतात, थांबली की मेसेज करून विचारतात, काय काम होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. काकांनी नंबर तोंडपाठ सांगितला, आणि तिने एकेक आकडा दाबला.

अनोळखी नंबर म्हणून असेल, पलीकडून उचलला गेला. मला फक्त तिची बाजू ऐकू येत होती. मी नर्सिंगची विद्यार्थिनी. नाही, ते बरे आहेत. हो, ऑपरेशन चांगलं झालं. हो, मेसेज मीच पाठवला होता. मग खूप वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, हो, मला कळतं. मलाही सुचत नाही. पुन्हा ऐकत राहिली. मग म्हणाली, हो, इथेच बसलेत, शेजारी. देऊ का त्यांना? काकांचा हात आपोआप पुढे आला. आला आणि तसाच राहिला, कारण तिने फोन कानावरून खाली घेतला होता. पलीकडून ठेवला होता.

तिने काकांकडे बघून सांगितलं. खाली नाही बघितलं. "आज नाही येणार त्या. म्हणाल्या, माझा मेसेज वाचला, पण काय उत्तर द्यायचं कळलं नाही, म्हणून तो बदाम टाकला. तुम्हाला फोन देऊ का विचारलं, तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. मग कट झाला."

"बरं," काका म्हणाले. हात मागे घेतला, बोचक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

ठीक होता, असं म्हणून ती सुटू शकली असती. मी असते तर तेच म्हटलं असतं. तिने डोळे मिटले आणि खरंच आठवून बघितलं.

"सर्दी झालीय बहुतेक त्यांना," ती म्हणाली. "नाक चोंदल्यासारखा वाटत होता. मधे मधे थांबत होत्या."

काकांनी नकाराची मान हलवली.

"तिला सर्दी होत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून कधी झाली नाही."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. फोन तिच्या हातातच होता, अंगठा त्या नंबरावर. तिने विचारलं, "आजोबा, परत लावू?"

"आत्ता नको," काका म्हणाले. "आत्ता तिला बोलता यायचं नाही. उद्या लाव."